मुशीला पळसपापडी

नातीनं आज खेळायला पळसाच्या चपट्या शेंगा वेचून आणल्या, आणि धरण व्हायच्या आधीचं आमचं मुळशीतलं स्वयंपाकघर आठवलं.

मी नवी सून होते. माझ्या भावानं घाटाखालून अख्खी मुशी मिठात घालून, डोक्यावरून आणली होती. समुद्राचा मासा या घरात पहिलाच. पोट चिरलं तर आतड्यातून पांढऱ्या फितीसारखा लांबलचक जंत निघाला. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "टाक उकिरड्यावर."

माझे डोळे भरले. तेवढ्यात मेंढरं कोंडून मामंजी आत आले. वाकून बघत म्हणाले, "मेंढराच्या पोटात बी ह्योच असतुया. मेंढरं टाकतो व्हय आपण?" आतडी त्यांनी स्वतः पुरली, आणि मेंढरांना जंतावर देतात ती पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बियांची पूड, मी रांधलेल्या मुशीच्या कालवणात टाकली.

कालवण कडूजहर झालं. मामंजींनी दोनदा मागून घेतलं, मग आत्याबाईही जेवल्या. मी मात्र कितीतरी दिवस धुमसत होते.

मेलेल्या माशाला औषध लागत नाही, हे मेंढरं राखणाऱ्याला ठाऊक नसेल का? औषध आत्याबाईंच्या किळसेवर होतं, आणि ते लागू पडलं.