फडकं हलवणारी बाई

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तेवढीही अक्कल तेव्हा मला नव्हती.

केडगावातल्या पाच व्यापारी इमारतींची वीज आणि पाणी वाचवायचा आराखडा माझा. महिनाभर नळ मोजले, दिवे मोजले, मालकांबरोबर चहा ढोसला. काम झाल्यावर पाहायला गेलो, तर एका इमारतीच्या स्वच्छतागृहात आडभिंतीमागे ती उकिडवी बसून फरशी पुसत होती. मधूनच ओलं फडकं डोक्यावर गरागरा फिरवायची. मला वाटलं, माशा हाकलतेय.

तेवढ्यात दिवा गेला. तिने फडकं फिरवलं, तसा लागला. माणसाची हालचाल दिसली तरच लागणारे ते दिवे मीच बसवायला लावले होते.

"तुमीच का हे केलं?"

मी मान डोलावली आणि ती भडकलीच. बादली भरायचा खालचा नळही मीच काढायला लावला होता. आता ती बेसिनचा आपोआप बंद होणारा नळ पुन्हा पुन्हा दाबून तांब्या तांब्याने बादली भरायची.

"सायेब, ह्या दिव्याला उभं मानूस दिसतं, खाली बसलेलं न्हाई," फडकं आपटत ती म्हणाली. "पर त्यो दिवा हाय. तुमाला तर डोळं हुतं!"