मेंढवाड्याभोवतीचा उजेड

सोमनाथ माझा धाकटा दीर. मी लगीन करून अवसरीत आले तवा तो चौथीत व्हता, म्हणून त्याला अजून अरे-तुरेच करते. आज गावातली माणसं त्याच्याकडं बघून म्हणत्यात, "ह्याच्या लायटीनं म्हातारी खाल्ली." जिभेला काही हाड? काय झालं ते मी सांगते.

मंचरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला. नाद मात्र एकच, पिक्सलच्या माळांचा. बोटाच्या पेराएवढे दिवे, पण एकेकाला येगळा रंग, येगळी चाल सांगता येती. गणपतीत आमच्या ओट्यावर मोर पिसारा फुलवायचा, आन अख्खी आळी बघायला लोटायची. मी करवादायचे, "आरं, बायको शोध, वायरी काय सोलत बसलास!" तो नुसता दात काढायचा.

मग उसातला बिबट्या मेंढरांवर यायला लागला. घरामागच्या वावरात आमचा मेंढवाडा, आन सासूबाई, तुकाबाई, तिथंच बाजेवर निजायच्या. "मेंढरं उघड्यावर आन मी पत्र्याखाली? न्हाई जमायचं." कुणाच्या बापाचं ऐकलं न्हाई. आमी बल्ब लावला, तर चार दिसांत बिबट्या त्याच्याच उजेडात येऊन बसला. तवा सोमनाथ म्हणाला, "वहिनी, पळता उजेड लावतो. जनावराला सरावच व्हऊ देत न्हाई."

वाड्याच्या जाळीवर त्यानं चारी बाजूंनी माळा बांधल्या, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. सुरुवातीचे दिवे लख्ख, शेवटचे लालसर, मरगळलेले. पाटाच्या शेवटच्या वावराला पाणी पोचत न्हाई, तसंच ते. मग त्यानं जाड वायर फिरवून मधून-मधून माळेला करंट दिला, तवा सगळे सारखे पेटले. पण त्यांना हुकूम एकाच टोकाकडून जायचा. ह्या दिव्यानं त्या दिव्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला. एक मेला की पुढचे सगळे मुके. म्हणून रोज सांजच्याला तो एकेक दिवा तपासायचा. आईला बजावलं व्हतं, "कुठं अंधार दिसला की हाक मार, आन घरात ये."

सारा पावसाळा बिबट्या फिरकला न्हाई. तवा हीच माणसं म्हणायची, "सोमनाथराव, लई भारी!"

थंडी पडली. आळे गावाला एका लग्नाचा मांडव उजळायला सोमनाथ गेला, मुक्कामी राहिला. त्याच रातीला एका दिव्यात दव शिरलं. त्याच्या पुढचे, उसाच्या बाजूचे सगळे गेले.

सकाळी मी धार काढायला उठले. तीन बाजूंचा उजेड पळत व्हता. आन सासूबाईंची बाज रोजच्या जागी न्हवती, अंधाऱ्या बाजूला उलटी पडली व्हती. म्हातारीनं बाज वढत नेऊन त्या फटीतच टाकली व्हती, काठी घेऊन. हाक का न्हाई मारली? माझं पोर तापानं फणफणलं व्हतं, जागरणानं आमी मेल्यागत पडलो व्हतो. आमची झोपमोड नको, दुसरं काय! आगं आई, उठवायचं व्हतंस की गं!

उसाच्या कडेला सापडल्या. मेंढरू एकबी कमी झालं न्हवतं.

सोमनाथ आला. रडला न्हाई. मातीबी कोरड्या डोळ्यांनी दिली. तेराव्यापर्यंत एकच बोलायचा, "तिन्ही बाजू मीच बंद केल्या वहिनी. त्याला यायला वाट मीच ठेवली." मी ओरडले, "गप! बिबट्या तू पाळला व्हतास व्हय?" पण ऐकतंय कोण.

पुढं तो पुण्याला माळांच्या दुकानात गेला. दुकानदार सहज म्हणाला, "एक वायर जादा असलेली माळ येते की. एक दिवा गेला तरी पुढचे चालू राहतात. आधी विचारायचं ना राव."

ती घेऊन आला. दिवसभर कुणाला जवळ येऊ दिलं न्हाई, एकट्यानं बांधली. दिवेलागणीला चालू केली आन मला हाक मारली. मी गेले तर पक्कड घेऊन उसाच्या बाजूला उभा. माझ्या देखत त्यानं मधला एक दिवा पकडीनं चिरडला.

तो एकच इझला. पुढचे सगळे पळत राहिले.

"बघितलं का वहिनी," म्हणाला, आन जाळीला धरून खाली बसला. मग असा हंबरडा फोडला की आतली मेंढरं बुजून उठली.