दादांची चाल आणि दत्तूची गाडी

सुमे, जरा जवळ सरक. पुण्यात बसली असलीस म्हणून काय झालं, कान तरी इकडे कर. दोन वर्षं झाली, आत्याचा उंबरा चढली नाहीस. इथं तुझ्या आजोबांचं नाव दगडावर कोरलं गेलं, तेही तुला कुणाच्या तरी मोबाईलवर कळलं. वर मलाच विचारतेस, "आत्या, आजोबांनी नक्की काय केलं होतं गं?" ही काय विचारायची रीत झाली? आता पहिल्यापासून ऐक आणि मधे बोलू नकोस.

तर जगातला सगळ्यात थोर संगीतकार म्हणजे माझे वडील, दादा. हे मी पंचेचाळीस वर्षं सांगत आले आणि मला त्यात कधी शंका वाटली नाही. शंका फक्त एकाच माणसाला होती, आणि माझं लग्न नेमकं त्याच्याशी झालं.

तुम्हा शहरातल्या पोरींना सांगायला पाहिजे म्हणून सांगते. अभंग सगळीकडे तेच असतात. पण तो कुठल्या चालीवर म्हणायचा, यावरून आपल्या मावळात भजनी मंडळाची पत ठरते. आणि चाल बांधणारा माणूस म्हणजे त्या गावचा राजाच.

दादा सोमाटण्याचे. सकाळी घोरावाडी स्टेशनात गाडी धरायची, लोणावळ्याला उतरायचं आणि पांढऱ्या फाटकाच्या बंगल्यात माळीकाम करायचं. जमीन नाही, घर भाड्याचं. फोटोसुद्धा एकच, भजनातला. त्यातही ऐन वेळी पुढच्या माणसानं टाळ वर केला, त्यामुळं दादांच्या तोंडाच्या जागी टाळ आहे. (तू लहानपणी त्या टाळालाच आजोबा म्हणायचीस.) म्हणजे मागं उरली ती त्यांची एक चाल.

ती कशी सांगू तुला? सुरुवातीला दोनच सूर. उंबऱ्यात पोरगी उभी राहावी आणि आत जाऊ की बाहेर, आत जाऊ की बाहेर असं करत राहावी, तसे ते दोघं घोटाळतात. मग एकदम पायऱ्यांवरून घरंगळत खाली येतात आणि खाली कुणीतरी अलगद झेलून घेतं. दादा त्या चालीवर अभंग धरायचे तेव्हा टाळकऱ्यांचे हात हवेतच राहायचे. "कुटं सुचली ओ बुवा?" असं विचारलं की दादा म्हणायचे, "गुलाबाला पाणी घालताना."

आता माझे सासरे. कुसगावचे. पहाटे लोणावळ्यात बंगल्यांना दूध घालायचे आणि संध्याकाळी भजनात बसायचे. त्यांचीही एक चाल सगळ्या पंचक्रोशीत गाजलेली. सुरुवातीला दोनच सूर. उंबऱ्यात पोरगी उभी राहावी आणि आत जाऊ की बाहेर...

आलं ना लक्षात?

दोन्ही मंडळं एकदा कुसगावच्या सप्त्यात समोरासमोर बसली. दादांनी चाल धरली आणि सासरे टाळ खाली ठेवून उठलेच.

"बुवा, ही चाल माजी हाय."

"तुमची कशी? मी बांदलीय. गुलाबाला पाणी घालताना."

"मी दूध घालून परतताना बांदली. गुलाब तवा झोपला व्हता."

मग काय विचारतेस! पखवाजवाला पखवाज पोटाशी धरून खांबाआड जाऊन बसला. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. ह्यांना पोरगी हाय, त्यांना पोरगा हाय. सोयरीक करून टाका, मंजी चाल घरातल्या घरात ऱ्हाईल. अशी ती चाल कुसगावात नांदायला आली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून मी आले.

पण चाल नांदली नाही गं सुखानं. रोजचा वाद. मी भाकरी थापतेय, हे चुलीपुढं चहा घेतायत, आणि संगीतातलं थोरपण आमच्या दोघांत लोंबकळतंय.

"तुज्या बापाच्या चाली सगळ्या उताराच्या," हे म्हणायचे. "चढ आला की दम लागायचा त्यास्नी."

"आणि मामंजी गायला लागले की माणसं झोपायची."

"झोपायची न्हाईत, समाधी लागायची."

"घोरत?"

असं भांडण रंगलं की मी माझा हुकमाचा पत्ता काढायची. मी पाच वर्षांची असेन. दादा मला एकदा बंगल्यावर घेऊन गेले होते. धुकं इतकं की बंगल्याला छप्पर होतं की नाही तेच कळेना. मी ओल्या गवतावर दादांच्या घोंगडीत पडलेले. गुलाब दिसत नव्हते, नुसता वास होता. आणि त्या धुक्यातून ती चाल यायला लागली. हळूहळू, पावलं न वाजवता. दादा पाण्याची झारी हातात धरून उभे होते, ओठांवर बोट ठेवून माझ्याकडं बघत होते. मग मला झोप लागली. इतकी गोड झोप मला पुन्हा कधी लागली नाही, बाळंतपणातसुद्धा. "तुमच्या वडलांच्या आधी मी ती चाल ऐकली आहे, दादांकडून," मी सांगायची. यावर ह्यांच्याकडं उत्तर नसायचं. (खरं म्हणजे असायला पाहिजे होतं. ते पुढं येईलच.)

तर झालं असं, की गावानं देवळापुढं नवा सभामंडप बांधला आणि भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवायची ठरली. वर मोठ्या अक्षरांत 'मावळचे थोर चालकार' एवढं कोरून झालंसुद्धा. खाली नाव टाकायचं, एकच. गावानं गृहीत धरलं होतं की ते माझ्या सासऱ्यांचं. मी मंडळाचे अध्यक्ष मारुती आबांच्या घरी गेले आणि सांगितलं, नाव माझ्या वडलांचं पडेल.

"वयनी," आबा म्हणाले, "ते सोमाटण्याचं. फरशी कुसगावची."

"चाल कुठली ते बघा आबा. फरशी कुठलीही असू दे."

हसू नकोस. मला खरंच झोप लागत नव्हती. मामंजींच्या नावावर जमीन होती, घर होतं, भिंतीवर फेटा बांधलेला फोटो होता. दादांच्या तोंडावर टाळ! ह्या फरशीवर त्यांचं नाव पडलं नाही, तर ते जगात होऊन गेले होते याला माझ्याशिवाय काही पुरावा राहिला नसता. आणि मी काय, आज आहे.

आबा म्हणाले, पुरावा आणा, रविवारी बैठक आहे.

आणि सुमे, पुरावा माझ्या दारातच उभा होता!

आपला दत्तू प्रवासी गाडी चालवतो ना, लोणावळा दाखवत फिरतो लोकांना. त्यानं जुनी पांढरी गाडी घेतली होती. ती पहिल्यांदा अंगणात आणून मागं घ्यायला लागला, तर गाडी गायला लागली. दोन सूर. आत जाऊ की बाहेर, आत जाऊ की बाहेर. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. दादांची चाल! मी रडत रडत गाडीला कुंकू लावलं.

"कुठनं बसवलंस रे हे बाळा?"

"सोमाटणे फाट्यावरच्या गॅरेजात. पण आई, अगं ते सगळ्या..."

"सोमाटणे!" मी म्हटलं. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? दादांच्या गावची माणसं अजून दादांना विसरली नव्हती. गाडी मागं घेताना माणसाच्या अंगावर जाऊ नये म्हणून त्यांनी दादांची चाल घातली होती. किती विचार केला असेल बघ. दत्तू पुढं काहीतरी बोलत होता. तो लहानपणापासून फार बोलतो, मी लक्ष देत नाही.

रविवारी देवळाच्या आवारात बैठक बसली. सतरंजीवर मंडळ, भिंतीला टेकवलेली ती फरशी, आमचे हे पुढच्या रांगेत. ह्यांना आता निम्मंच ऐकू येतं. मामंजी शेवटी ठार बहिरे झाले होते, हेही त्याच वाटेवर आहेत. मी दत्तूला फोन लावला. "असशील तसा देवळापुढं ये. जीवनमरणाचा प्रश्न आहे."

तो आला तो गाडीत पाहुणे घेऊनच. मुंबईचं एक वयस्कर जोडपं, भुशी धरणाकडं निघालेलं. बाई पुढं बसलेल्या, त्यांचे यजमान मागं कागदी कपात चहा धरून.

"काय झालं आई?"

"काही नाही. गाडी मागं घे."

"का?"

"घे म्हणते ना."

त्यानं घेतली. चाल सुरू झाली. मंडळाच्या माना वर झाल्या. पण देवळाचं आवार ते केवढं, चाल उंबऱ्यातच घोटाळत असताना जागा संपली.

"अर्धीच झाली," आबा म्हणाले. "घरंगळते ती पुढं."

"दत्तू, पुढं घे आणि परत मागं घे."

पुन्हा अर्धीच. दरवेळी पहिल्यापासून सुरू व्हायची मेली. आमचे हे उठले आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी कान देऊन उभे राहिले. "ही तर माज्या बापाची," म्हणाले. "जोरात लाव."

"ते जोरात होत नाही बाबा."

"मंग मागं घे अजून!"

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मागं बसलेल्या यजमानांचा चहा आता शर्टावर होता. पाचव्यांदा मी म्हटलं, "सतरंजी गोळा करा, सगळे उठा, होऊ दे पुरी." सगळे उठले. दत्तूनं गाडी पार फाटकापर्यंत पुढं नेली आणि मागं घेत आणली. चाल उंबऱ्यातून सुटली, पायऱ्यांवरून घरंगळली, सगळं मंडळ डोळे मिटून डोलायला लागलं, मीही मिटले, आणि खाली तिला अलगद झेलायची वेळ आली तेव्हा कडाड असा आवाज झाला.

फरशी. कोपरा तुटून पडला होता. फरशीवर राहिलं होतं नुसतं 'चालकार'. 'मावळचे थोर' जमिनीवर होतं.

तेवढ्यात गाडीतल्या बाई खाली उतरल्या. त्या म्हणे मुलांना पियानो शिकवतात. फार सौम्य आवाजात म्हणाल्या, "माफ करा, पण तुमचा वाद कशावर चाललाय? ही धून कोणाची आहे त्यावर?"

"व्हय," आबा म्हणाले. "ह्यांच्या वडलांची का त्यांच्या."

"अहो, ही तर परदेशातल्या एका मोठ्या संगीतकाराची आहे. दोनशे वर्षांपूर्वीची. आमच्याकडे शिकायला येणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा हीच वाजवायला मागतं. आणि गाड्यांमध्ये म्हणाल, तर निम्म्या गाड्या मागे येताना हीच वाजवतात."

"मी तेच सांगत होतो," दत्तू म्हणाला.

बाईंनी त्या माणसाचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. माझ्या जिभेवर काही ते बसलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या वडिलांनी कुठं पियानो ऐकला असेल का? कपाटाएवढा, काळा?"

आणि सुमे, माझ्या पायाखालचं गवत ओलं झालं. तीच घोंगडी, तोच गुलाबाचा वास. धुक्यात एक खिडकी उघडी होती. खिडकीत एक पांढरी बाही इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकत होती. आणि दादा ओठांवर बोट ठेवून उभे होते. ओठांवर बोट ठेवून माणूस गाईल कसा गं? पंचेचाळीस वर्षं मी स्वतःच्या तोंडानं त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होते! ते मला गप्प राहा म्हणत होते. ऐक म्हणत होते.

"मामंजी दूध कुठल्या बंगल्याला घालायचे हो?" मी ह्यांना विचारलं.

"आं?"

"दूध! कुठल्या बंगल्याला?"

"लय बंगले व्हते. शेवटचा पांढऱ्या फाटकाचा."

म्हणजे पहाटे एकानं ऐकली आणि दिवसा दुसऱ्यानं. दोघांनी ती जपून डोक्यात ठेवली, अभंगाला घातली आणि दोघांनाही प्रामाणिकपणे वाटलं, आपल्यालाच सुचली. मी पायरीवर बसले. "नका घालू नाव," मी आबांना म्हटलं. "दादांचं काहीच नाही त्यात."

आबांनी तुटलेला कोपरा उचलून फरशीला लावून बघितला. मग म्हणाले, "त्या परदेशी बुवानं चाल केली, मान्य. पर तो काय कुसगावला आला व्हता का? त्या बंगल्यात माणसं काय थोडी येऊन गेली? कुणी आणली का गावात? ह्या दोगांनीच आणली."

बाई म्हणाल्या, "आणि गंमत म्हणजे, ते संगीतकार पुढे पुढे बहिरे झाले होते. काही ऐकू येत नव्हतं, तरी लिहीत राहिले."

आमच्या ह्यांना सगळ्या संभाषणातलं हे एकच वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"बहिरा व्हता?" हे ताठ उभे राहिले. "मंग तो आमच्याच घराण्यातला."



फरशी फुकट जाऊ नये म्हणून उलटी करून मागच्या बाजूनं कोरली. 'ही चाल गावात आणणारे', आणि खाली दोघांची नावं, शेजारी शेजारी. दादांचं आधी. (ते मी आबांकडून करून घेतलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, चष्मा बदलायला आलाय त्यांचा.) त्या परदेशी बुवांचं नाव घालायचं होतं, पण कोरणारा म्हणाला, एवढा दगड नाही.

म्हणून म्हणते बाई, आता ये लवकर. फरशी बघ, दादांच्या नावावरनं एकदा हात फिरव. मुक्कामाला ये, चार दिवस राहा, आणि येताना गाडीनंच ये. गाडी दारात आणताना मात्र तोंड पुढं करून आणू नकोस, मागं घेत आण. मी आपली डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उंबऱ्यात उभी राहीन. हल्ली कुणाचीही गाडी मागं यायला लागली तरी मी तशीच उभी राहते. लोणावळ्याच्या बाजारात त्यापायी दोनदा धडकेतून वाचलेय.