वागियेमचे हात आणि कापुकच्या पिसवा

वागियेमकडे गल्लीने पहिल्यांदा थांबून पाहिलं, ते भरतीचं पाणी घोट्याएवढं चढलेल्या एका सकाळी. एरवी ती सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कुणाच्या तरी घरी निघालेली किंवा कुणाच्या तरी घरून परतलेली एवढीच. त्या सकाळी ती बसथांब्याकडून येत होती. एका हाताने नेसू वर धरलेलं आणि छातीशी बाटिकचा लांब पट्टा बांधलेला. समुद्रकाठच्या त्या पेकालोंगान शहरातल्या बायका तान्ही मुलं अशीच बांधतात. पट्ट्यात काहीतरी हलत होतं.

कोपऱ्यावर फणस-खोबऱ्याचा भात विकणारी कास्मिनी डाव हातात धरूनच पुढे आली. मोठ्या बाईला तिथे आदराने 'बू' म्हणतात. "कुणाचं गं बाळ, बू? इतक्या लवकर बाहेर काढलंस?"

पट्ट्यातून एक पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं तोंड बाहेर आलं आणि कास्मिनीकडे रागाने बघू लागलं.

"अगं बाई! ही मांजर आहे की फरशी पुसायचं फडकं?"

"निंगची आहे," वागियेम म्हणाली. "निंग गेली तैवानला. आत्ताच बसवून आले." आणि न थांबता पाण्यातून पुढे निघाली. तिचे डोळे सुजले होते, हे कास्मिनीला ती पुढे गेल्यावर जाणवलं.

वागियेम बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करणारी. चाळीस वर्षांत गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या मांडीवर आंघोळ करून गेलं होतं. बाळाची मान एका बोटावर तोलायची, पोटाला पट्टा बांधायचा, चाळिसाव्या दिवशी जावळ काढताना डोकं असं धरायचं की कात्रीला बाळ बिचकू नये, हे सगळं तिच्या हातांना पाठ होतं. आणि आंघोळ झाली की शेवटी हिरवट बाटलीतलं कायापुती तेल. तळहातावर चोळून ऊब आणायची, मग छाती, पाठ, तळपाय. सर्दी, वारा, डास, मुंग्या, सगळ्यांवर तेच. वागियेम येण्याआधी तिचा वास यायचा. मोठी झालेली पोरंसुद्धा तो वास आला की नकळत हळू बोलायची.

एकुलती एक मुलगी निंग्रुम, म्हणजेच निंग, मात्र तिच्याशी तुटक वागायची. नवऱ्याला सोडून निंग परत आली, त्या दिवशी वागियेम दारातच म्हणाली होती, "नांदता आलं नाही, आता लोकांना काय सांगू?" पुढे ती हजारदा पस्तावली, पण बोललेलं परत घेता आलं नाही. दोघी एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या, पण बोलणं मिठाच्या डब्यापुरतंच. त्याच काळात निंगने कुठूनतरी ती लांब केसांची मांजर आणली. गादीत भरायच्या सावरीच्या कापसासारखी, म्हणून नाव कापुक. निंग तासन् तास तिच्याशी बोलत बसे. भिंतीपलीकडून वागियेम ऐकत असे.

घराची फरशी भरतीच्या पाण्याच्या वर उचलायला पैसे हवेत म्हणून निंगने तैवानमध्ये तीन वर्षांचं काम घेतलं. तिकडे एका म्हाताऱ्याची देखभाल. जायच्या आदल्या दिवशी तिने आईला समोर बसवलं.

"माक, नीट बघ. आधी विंचरायचं, मग आंघोळ. उलटं नाही. गुंता असताना पाणी लागलं की त्याचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा होतो. काखेत, कानामागे, पोटाखाली रोज फणी फिरवायची. रोज."

"एवढी बाळं वाढवली मी."

"हे बाळ नाही, माक." मग तिने फणी आईच्या हातात ठेवली. "माझ्यासाठी एवढं एकच सांभाळ."

कितीतरी दिवसांत तिने आईकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

दर रविवारी दुपारी निंगचा फोन यायचा. चित्र आलं की पहिलं वाक्य एकच, "कापुक कुठे आहे?" वागियेम मांजरीला उचलून फोनसमोर धरायची. मग हळूहळू, मांजरीच्या आडून, आईचीही चौकशी होऊ लागली. जेवलीस का. पाठ कशी आहे. पाणी किती चढलं. आठव्या महिन्यात निंग एकदा चक्क हसली. वागियेमने तो फोन संपल्यावरही बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

म्हणजे त्या घरात मायलेकींमधला एकुलता एक पूल चार पायांचा होता आणि त्याला रोज विंचरावं लागत होतं.

पहिलं वर्ष तिने एक दिवसही चुकवला नाही. दुपारी उंबऱ्यात बसायची आणि लोखंडी फणीने केसांच्या टोकापासून मुळाकडे, थोडं थोडं करत यायची. कास्मिनी समोरून टोमणे मारायची, "माझे केस कधी विंचरशील, बू? मीही पांढरी झाले की आता!"

मग त्या पावसाळ्यात पाणी उतरेचना. घरात चटया ओल्या, गाद्या ओल्या, हवा अशी की मीठसुद्धा पाझरायचं. त्यातच ओळीने तीन बाळंतपणं आली. वागियेम पहाटे निघायची ती अंधार पडता पडता परतायची आणि पाठ टेकली की झोपायची. फणी अकरा दिवस खिळ्याला लटकून राहिली.

बाराव्या दिवशी तिने कापुकच्या काखेत हात घातला. आत सुपारीएवढी गाठ. दुसऱ्या काखेत तशीच. पोटाखाली तर जटांचा सलग पट्टा. फणी लागताच कापुक फिस्कारली आणि तिच्या मनगटावर चार ओरखडे उमटले. केस फाकवून पाहिलं, तर मुळाशी मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण. वागियेमने ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकले. कणांभोवती लाल डाग पसरले. ते पिसवांनी प्यालेलं रक्त होतं.

त्या रविवारी तिने फोनसमोर मांजरीचं फक्त तोंड धरलं.

"जाड झाली का गं? पोट दाखव."

"झोपेत आहे, न्दुक. उगाच कशाला हलवू?"

"रोज विंचरतेस ना?"

"रोज," वागियेम म्हणाली.

खरा घाव बुधवारी बसला. रोफिकाच्या नऊ दिवसांच्या मुलीला मालिश करून वागियेम तिला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळत होती. रोफिकाची सासू शेजारी बसली होती. दुपट्यावर एक काळा ठिपका आला, थांबला आणि टुणकन उडाला. पुन्हा उतरला तो बाळाच्या गळ्याजवळ.

सासूनेही ते पाहिलं. वागियेमने चिमटीत पकडून तो नखावर चिरडला. सासूने चहा दिला, तळलेली केळी पुढे केली, पाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना दारापर्यंत आली आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही दमलेल्या दिसता, बू. थोडे दिवस आराम करा. आम्ही निरोप पाठवू."

त्या गल्लीत कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही, फक्त आराम करायला सांगतात. वागियेमला ते पुरतं कळलं. शनिवारी सकाळपर्यंत आणखी दोन घरांनी तिला आराम करायला सांगितलं.

ती घरी येऊन नेसू झटकू लागली, तर पोटऱ्यांवर लाल पुळ्यांच्या रांगा. कापुक कोपऱ्यात बसून अंग चावत होती, थांबत होती, पुन्हा चावत होती. उद्या रविवार. या वेळी निंग पोट बघितल्याशिवाय राहणार नव्हती.

"आज तुला मी स्वच्छ करणार," वागियेम म्हणाली. आवाज तिचा तिलाच रडका वाटला.

फणी चालेना, म्हणून तिने आधी आंघोळ घातली. उलटं नाही, असं निंगने बजावलेलं तिला आठवत होतं, पण दुसरं काय करणार? कोमट पाणी, बाळाचा साबण. पाणी लागताच जटा आवळल्या. कातडीला घट्ट चिकटून त्यांचा खरोखरच नमदा झाला, आणि पिसवा त्या नमद्याखाली सुखरूप राहिल्या. मांडीवर ओली, थरथरणारी मांजर. समोर फळीवर हिरवट बाटली.

तिच्या हातांनी पुढचं आपोआप केलं. तेल तळहातावर घेतलं, चोळलं, ऊब आणली. छाती, पाठ, तळपाय. केस दाट, म्हणून पुन्हा घेतलं. जटांच्या आत जावं म्हणून पुन्हा. आणि खरंच, त्या वासाने पिसवा बाहेर पडू लागल्या. पांढऱ्या पंचावर काळ्या ठिपक्यांसारख्या टपकल्या. वागियेमने कापुकच्या कपाळाला कपाळ टेकलं. "बघ! उगाच घाबरलो आपण."

कापुक उन्हात जाऊन बसली आणि अंग चाटायला लागली. मांजरच ती. ओली झाली की चाटणारच.

तासाभराने तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. उठली तर मागचे पाय वेडेवाकडे पडले. दोन पावलं चालली आणि कुशीवर कोसळली. अंगाला हात लावला तर गार. बाळाला उबदार ठेवणाऱ्या तेलाने मांजर गार पडत होती.

"कास्मिनी!" वागियेमची हाक गल्लीने तशी कधीच ऐकली नव्हती. "कास्मिनी, गं!"

कास्मिनीने गिऱ्हाईकाचं अर्धं वाढलेलं पान तसंच सोडलं. सायकलरिक्षा थांबवली. कापुकला त्याच बाटिकच्या पट्ट्यात गुंडाळून दोघी बसल्या.

"रिक्षावाले पाक, पाय मारा की जोरात!"

"पाण्यातून मारतोय, बू. ही रिक्षा आहे, होडी नाही."

"मग वल्हवा!" कास्मिनी ओरडली. वागियेम पट्ट्याला तोंड लावून गरम श्वास सोडत होती. नुकतंच जन्मलेलं मूल रडत नसलं की ती असंच करायची.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर हेस्ती होती, निंगच्याच वयाची. तिने पट्टा उघडला आणि वास येताच मान वर केली. "अंगाला काय लावलंत?"

वागियेमचं चाळीस वर्षांचं नाव त्या बाटलीत होतं.

"तेल," कास्मिनी म्हणाली. "बाळांचं."

"किती?"

"बाळाला लावते तेवढंच..." वागियेमने डोळे मिटले. "नाही. जास्त. खूप जास्त."

"मांजरीला हे विष आहे, बू. माणसाला पचतं, हिच्या पोटात गेलं की पचत नाही. त्यात तिने चाटलंय." डॉक्टर बोलता बोलता हातमोजे चढवत होती. "भांड्यांच्या साबणाने धुवायचं. आणि या जटांत तेल मुरलंय, म्हणजे सगळे केस काढावे लागतील. धराल तुम्ही? ती फार थरथरतेय."

वागियेमने धरलं. एक तळवा मानेखाली, एक बोट जबड्याशी, कोपर अंगाभोवती. जावळाच्या दिवशी धरावं तसं. यंत्र गुरगुरत फिरलं आणि तो पांढरा डौल सलग कातड्यासारखा टेबलावर उतरला. खाली गुलाबी, चावून चावून सोललेली कातडी. जटांच्या आतल्या बाजूला पिसवा अजून वळवळत होत्या. वागियेमच्या ओठांवर जावळाच्या वेळची दुआ आली.

"असं धरायला कुठे शिकलात?" डॉक्टरने विचारलं. वागियेम मांजरीची मान तोलत राहिली.

सलाईन लावली, गरम पाण्याच्या बाटल्या भोवती ठेवल्या. "दोन दिवस काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली.

रविवारी फोन वाजला तेव्हा वागियेम उंबऱ्यात बसली होती. मांडी रिकामी. कास्मिनीने सुचवलं होतं, "सांग की नेटवर्क नाही." वागियेमने फोन उचलला.

"कापुक कुठे आहे?"

तिने सगळं सांगितलं. अकरा दिवस, जटा, उलटी आंघोळ, तेल, दवाखाना. एकही गोष्ट वगळली नाही.

"तू म्हणालीस, रोज विंचरते."

"खोटं बोलले, न्दुक."

पडद्यावर निंगचा चेहरा हलला नाही. मग पडदाच काळा झाला. वागियेमने परत फोन लावला. वाजत राहिला. आणखी तीनदा लावला. दिवेलागणीपर्यंत ती तिथेच बसून होती. समोरून कास्मिनीने भात आणून ठेवला, तो मुंग्यांनी खाल्ला.

सोमवारी कापुकने डोळे उघडले, पण मान उचलली नाही. मंगळवारी बोटावरून पाणी चाटलं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाली, "तुमच्या मुलीचा फोन येतो रोज. दोनदोनदा." आईला तिने एकही केला नव्हता. वागियेमला तेवढंही पुष्कळ वाटलं.

गुरुवारी कापुक घरी आली. डॉक्टरने तिच्या मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब टाकले होते आणि बजावलं होतं की पिसवा अंगावर थोड्या आणि घरातच जास्त असतात. चटया, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं उकळायचं, कोपरे रोज झाडायचे, महिनाभर. कास्मिनीने चूल दिली. "पण माझ्या भाताच्या पातेल्यात नाही हं! नाहीतर लोक म्हणतील, आज भातात मिरी जास्त झालीय."

रविवारी फोन आला. वागियेमने मांजर पुढे धरली. सोललेल्या रताळ्यासारखं अंग, मोठं डोकं आणि टोकाला तेवढा शेपटीचा झुपका. निंग बघत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला. ती हसतेय की रडतेय, ते वागियेमला कळेना.

"माक, तुझे हात दाखव."

वागियेमने दाखवले. मनगटावर ओरखडे, कोपरापर्यंत पिसवांचे चावे, उकळत्या पाण्याने भाजलेली बोटं.

"अगं, तुलाच खाल्लं की त्यांनी," निंग म्हणाली. मग तिने विचारलं, "जेवलीस का?"

या गोष्टीला आता सात महिने झाले. कापुकचे केस दोन बोटं वाढलेत. निंगच्या कराराचं एक वर्ष उरलंय. रोफिकाच्या सासूने निरोप पाठवला नाही, बाकी दोन्ही घरांनी पाठवला. वागियेम सकाळी बाळांना मालिश करते, परतताना कास्मिनीच्या नळावर भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत तीनदा हात धुते आणि मग घरी जाऊन मांजर विंचरते. तेलाची बाटली ती घरात नेत नाही. ती कास्मिनीच्या दुकानात, साखरेच्या डब्यामागे असते.