पाच नंबरच्या टेबलावरची गिऱ्हाइकं

सिनेमाची गोष्ट अगदी साधी होती. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातला एक रुसका शेफ नोकरी सोडून गावाकडच्या खानावळीत येतो, मालकाच्या मुलीशी चार दिवस भांडतो, मग तिच्याकडून भाकरी थापायला शिकतो आणि शिकता शिकता तिच्या प्रेमात पडतो. पुढे काय होणार ते कुठल्याही खानावळीतल्या मांजरानेही सांगितलं असतं. पण एका वाहिनीला रविवारी दुपारी, लोक जेवून लवंडले की दाखवायला असंच काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. त्यांना हवी तशी खानावळ पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आयतीच सापडली. पाटीवर नाव होतं 'हौसा भोजनालय'.

पाटीवरची हौसा अजून हयात आहे आणि आतच असते, हे ऐकून सिनेमावाल्यांना कोण आनंद झाला. त्यांना वाटलं होतं, हौसा म्हणजे मालकाची स्वर्गवासी आई असणार. पाट्यांवर नावं लागतात ती देवांची नाहीतर गेलेल्या माणसांची. जित्याजागत्या बायकोचं नाव लावणारा नवरा आपल्याकडे विरळाच, आणि जगन तसा विरळाच होता.

हौसा चिरनेरची. लग्न होऊन आली ती मिठागरवाल्यांच्या घरात. पुढे मिठागरं गेली आणि तिथे कंटेनरचे डेपो आले. घरातली माणसं कामाविना ओट्यावर बसू लागली, आणि रिकाम्या माणसांना स्वतःच्या पोटापाण्याची नसेल इतकी काळजी दुसऱ्याच्या पोटी मूल नसल्याची असते. हौसाला मूल नव्हतं. सासू चंद्रावतीने 'दुसरी कर' हा धोशा लावला. नुसता लावला नाही, उरणकडची एक मुलगी बघूनही ठेवली. हौसाने तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. काढून उपयोग काय, असं तिला वाटायचं.

एक दिवस जगन बांबू आणि ताडपत्री घेऊन आला, रस्त्याच्या कडेला मांडव घातला आणि हौसाला म्हणाला, "चल, हितं चूल मांड. रस्त्यानं भुकेली मानसं जातान."

त्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, बोंबील झाले, कोळंबीचं कालवण झालं. ट्रेलरवाले थांबू लागले, मग बंदरातले कामगार, मग नव्या वसाहतींमधली नोकरदार कुटुंबं शनिवारी-रविवारी गाड्या काढून येऊ लागली. मांडवाच्या भिंती झाल्या, भिंतींवर पत्रा आला, पत्र्याखाली पंखे आले. चंद्रावती गेली. तिचा शेवटचा घास हौसानेच भरवला होता आणि म्हातारीने तो मिटक्या मारत खाल्ला होता.

सगळं ठीक झालं. पण हौसाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली ती बसलीच. या माणसाने दुसरी केली नाही. केली असती तर कुणी नावं ठेवली नसती. म्हणजे हे उपकारच. आणि ज्याचे एवढे उपकार आहेत त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? जगनने भिंतींना पोपटी रंग दिला, हौसा म्हणाली, "बरं." तो रंग बघून एकदा एक लहान मूल रडलं होतं, तरी बरं. हॉटेलच्या कारभारात जगन जे म्हणेल ते बरं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं, केवढा समजूतदार संसार!

आणि आता जगन म्हणाला होता की हॉटेल देऊन टाकू.

घेणारा रोडपालीचा स्वानंद. पोरगा वाईट नव्हता. वाकून नमस्कार करायचा, काकी काकी म्हणायचा. त्याला तिथे काचेची दारं, थंडगार हवा आणि कोळंबीचा पिझ्झा करायचा होता. जगनने त्याला शब्द दिला होता. सिनेमावाले गेले की सह्या करायच्या होत्या. "बस झाला आता," जगन शटर ओढता ओढता म्हणाला होता. हौसाने नेहमीसारखं "बरं" म्हटलं. पण या वेळचं बरं माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. पीठ मळताना ती स्वतःच्या हातांकडे बघायची आणि तिला कळेना, उद्यापासून या हातांचं काय करायचं. आणि सिनेमावाल्यांचा मुक्काम तर आजच संपणार होता. बोलायचं ते आजच बोलायला हवं होतं आणि ते तिला जमत नव्हतं.

शूटिंगच्या त्या शेवटच्या दिवशी एक घोळ झाला. सीन होता भरलेल्या खानावळीचा, आणि गिऱ्हाइकं म्हणून बसायला जी माणसं मुंबईहून यायची होती त्यांची बस कळंबोलीच्या कोंडीत अडकली. दिग्दर्शक सत्यजीत केस उपटायच्या बेताला आला. त्याची सहायक सई, हातात वॉकीटॉकी घेऊन सदा पळत असणारी पोर, तिने जो दिसला त्याला धरून टेबलावर बसवलं. लाइटवाले बसले, ड्रायव्हर बसले. नायक-नायिकेच्या बरोब्बर मागे पाच नंबरचं टेबल होतं. तिथे कुणी जरा वयाचं जोडपं हवं होतं.

"काका, काकू, तुम्ही बसा ना! आज तुम्ही गिऱ्हाइकं."

आपल्याच हॉटेलात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत हौसा कधी बसली नव्हती. ती टोकावर टेकली, बस यायच्या आत उठायचंय अशी. समोर जगन. दोघांच्या ताटांत सकाळी हौसानेच तळलेली सुरमई.

सीन प्रेमाचा होता. नायक आर्यन नायिका इराला सांगतो की मी तुझ्यावर पहिल्या दिवसापासून प्रेम करतो. सगळे शांत झाले. आर्यनने इराचा हात हातात घेतला, श्वास घेतला, आणि हौसा उठून त्याच्या रिकाम्या ग्लासात पाणी ओतू लागली.

"कट!"

दुसऱ्या वेळी हौसा बसून राहिली. पण दारातून कॅमेरावाल्यांचा एक माणूस आत डोकावला आणि जगनने हात वर करून हाळी दिली, "या, या! जागा हाय!" तिसऱ्या वेळी दोघं शहाण्यासारखे वागले, पण हौसाच्या चेहऱ्यावर असं काही दुःख उमटलं की सत्यजीत स्वतः चालत आला.

"काकू, समोर प्रेमाचा सीन चाललाय. तुम्ही अशा का बघताय?"

"तिनं तुकडी अर्दी टाकलीय," हौसा इराच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली.

सईने मग दोघांना नीट समजावलं. त्या दोघांकडे बघायचंच नाही. एकमेकांकडे बघायचं, जेवायचं आणि बोलायचं. पण आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे. "काहीही बोला हो, बाराखडी म्हणा. कुणाला ऐकू येणार नाहीये."

हौसा आणि जगन एकमेकांकडे बघून हसले. आवाजाशिवाय बोलणं यांना शिकवायला निघाली ही पोर! उभा जन्म दुसरं केलं काय होतं त्यांनी? स्वयंपाकघर आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये ताटं द्यायची एक खिडकी होती. तिच्या अलीकडे शेगड्यांचा भडका आणि धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर, पलीकडे गिऱ्हाइकांचा कालवा आणि रस्त्यावरचे भोंगे. ओरडून घसा बसायचा. म्हणून फार पूर्वीच दोघांनी ओरडणं सोडून दिलं होतं. जगन खिडकीत येऊन ओठ हलवायचा, हौसा आतून ओठ हलवायची. दोन सुरमई. भाकरी थांबव. तो लाल शर्टवाला पिऊन आलाय, त्याला लवकर जेवू घाल. सगळा कारभार असा चालायचा आणि त्यात कधी चूक झाली नव्हती.

चौथा टेक सुरू झाला. जगनचे ओठ हलले, "हिरो लय दुबला हाय." हौसाचे हलले, "हिरोईन त्याच्यावून." जगन खुदकन हसला, पण आवाज नाही. सत्यजीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून खूश झाला. "अरे, काय नॅचरल आहेत हे दोघं! हेच ठेवा. आता दुसऱ्या बाजूने घेऊ."

सिनेमावाले एकच गोष्ट सगळ्या बाजूंनी घेतात. त्यामुळे आर्यन पुन्हा पुन्हा प्रेम करत राहिला आणि हौसा पुन्हा पुन्हा जगनसमोर बसत राहिली. आजवर तिने त्याला दिवसभर पाहिलं होतं ते खिडकीतून, छातीपर्यंत, तेही घाईत. घरी गेलं की दोघं आडवे. आज तो समोर बसला होता, पुरा. भुवया पांढऱ्या झालेल्या, मान थोडी वाकलेली. किती चांगला माणूस आहे हा, हौसाला वाटलं, आणि मी त्याच्याशी किती दिवस खोटं बरं बोलतेय. खिडकीतून ती कधीच खोटं बोलली नव्हती. तिथे खोटं बोलायला वेळच नसायचा. तिचे ओठ सवयीने हलले.

"मना नाय द्यायचा हाटेल."

जगनने ते वाचलं. त्याचा घास हातातच राहिला. इकडे आर्यन इराच्या डोळ्यांत बघत म्हणत होता, "इरा, मी तुझ्यावर प्रेम करतो. पहिल्या दिवसापासून." आणि त्याच्या मागून जगनचा खणखणीत आवाज आला:

"मंग आदी का नाय बोललीस?"

अख्खं युनिट हसत सुटलं. आर्यन खुर्चीवरून घसरला. सत्यजीत पोट धरून खाली बसला. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने फिरकी घेतली. जगन मात्र हसत नव्हता. तो हौसाकडे बघत होता आणि हौसा ताटाकडे. सईने डोळे पुसले आणि सगळ्यांना शांत केलं. "काका, एकच लास्ट. प्लीज. आवाज नको."

शूटिंगचा लाल दिवा लागला. शांतता झाली.

"बोल," जगनचे ओठ म्हणाले.

"कशी बोलू? तुमी देतो म्हनालात."

"मी तुज्यासाठी देत होतू. तुजं गुडगं बगवत नाय मना. दिवसभर उबी रातंस."

"गुडगं माजं हायेत. चुलीवर बाई ठेवू, मी बसून सांगीन. पन हाटेल नाय द्यायचा."

"येवडाच ना? मंग नाय देत. ह्यांचा झाला का फोन करतंय त्या पोराला. पन तू आदी का नाय बोललीस? माजी काय भीती हाय तुना?"

हौसाने मान हलवली. भीती नव्हती. आता इतकं झालंच होतं, तर उरलेलंही सांगून टाकावं.

"तुमी दुसरी केली नाय," तिचे ओठ म्हणाले. "येवडं उपकार हायेत तुमचं माज्यावर. मी कुटल्या तोंडानं नाय म्हनू?"

जगनच्या कपाळाला आठी पडली. त्याने ओठ पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, जणू आज पहिल्यांदाच त्याची चूक झाली होती.

"कुनी दुसरी?"

"आई बोलायच्या ती. उरनची."

तो आठवत राहिला. खरंच आठवत राहिला. हौसाला ते स्पष्ट दिसत होतं. मग हळूहळू त्याच्या आठवणीला कुठेतरी काहीतरी लागलं आणि त्याने हात असा झटकला, ताटावरची माशी हाकलावी तसा.

"ती होय! तिचा मी इचारच केला नवता कदी. उपकार कसलं त्यात? तू होतीस ना घरात. दुसरी क्याला आनू?"

आणि तो सुरमईचा काटा काढू लागला, कारण त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

हौसा बघत राहिली. इतकी वर्षं डोक्यावर घेऊन ती जे ओझं वाहत होती ते या माणसाने तिथे ठेवलंच नव्हतं. त्याने तिच्यासाठी काही सोडलं नव्हतं, मन मारलं नव्हतं, मोठेपणा केला नव्हता. त्याला फक्त ती हवी होती, आणि हे सांगण्यासारखं काही आहे हेही त्याला सुचलं नव्हतं. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. पदर लावायचंही भान राहिलं नाही. देवाने काय माणूस दिला मला, तिला वाटलं, आणि आजवर मी त्याचे आभार मानले ते सगळे भलत्याच गोष्टीसाठी मानले. आता खऱ्या गोष्टीसाठी मानायला हवेत, लगेच, याच क्षणी.

समोर आर्यन आणि इरा एकमेकांच्या जवळ आले होते. सगळ्यांनी श्वास रोखला होता. सत्यजीतचा हात वर होता.

"तुमी लय चांगलं हाव वो!" हौसा मोठ्याने म्हणाली. मध्ये खिडकी नव्हती, पंख्याची घरघर नव्हती. पत्र्याला धडकून आवाज सगळीकडे घुमला.

"कट!"

या वेळी कुणी हसलं नाही. जगन काटा हातात धरून, कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन बसला होता. सत्यजीत टेबलापाशी आला आणि फार अदबीने म्हणाला, "काकू, फार छान बोललात. एकदाच परत घेऊ या. फक्त या वेळी मनातल्या मनात म्हणा."

हौसाने पदराने तोंड पुसलं.

"नाय बाबा," ती म्हणाली, "मनात लय वरसं म्हनून झाला."