आमच्या बर्फावरच्या हॉकीतले गोलरक्षक

देवपुरात एप्रिलच्या दुपारी फरशीवर पाणी मारलं तर पाच मिनिटांत कोरडं ठणठणीत व्हायचं, आणि त्या फरशीवर पालथ्या पडून आम्ही चौघी बर्फावरची हॉकी खेळायचो. बर्फ आम्ही पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तसल्या बर्फावरून माणसं बुटांना पाती लावून पळतात, असं एका खोक्यावरच्या चित्रात दिसत होतं. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. नववीतल्या पोरींचा कशावरही बसतो.

खोकं माझं होतं. जळगावला, पिंप्राळ्यात, माझ्या मामाचं रद्दीचं दुकान होतं. कुठल्याशा साहेबाची बदली झाली, त्याच्या घरातला पसारा मामाकडे आला आणि त्यात हे निघालं. आत पुठ्ठ्याचं मैदान होतं, दोन फासे, एक लाकडी चकती आणि इंग्रजी नियमांची पुस्तिका. खेळाडूंची कार्डं तेवढी वाळवीने फस्त केलेली. मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून नवी कार्डं केली, आणि परदेशातले खेळाडू आम्हाला ठाऊक नसल्यामुळे त्यांच्यावर आमच्या कॉलनीतली माणसं लिहिली. दूधवाला, पीटीचे सर, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, शेजारच्या अक्का. चार संघ, प्रत्येकात सहा माणसं. प्रत्येक माणसाला दहापैकी गुण. फटका मारणाऱ्याचे गुण अधिक फासा, गोलरक्षकाचे गुण अधिक फासा, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. पुस्तिकेत लिहिलं होतं की ही धंदेवाईक लीग आहे आणि खेळाडूंना पगार असतो. आमचे खेळाडू बिनपगारी होते आणि आपण खेळाडू आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं.

अध्यक्ष मी. खोकं माझं म्हणून. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणींचा एकेक संघ होता, त्या मी म्हणेन त्याला माना डोलवायच्या. चौथी माझी मैत्रीण. तिचा संघ हंगामभर पहिला होता आणि त्याला कारण एकच, तिचे वडील. त्यांना सगळी कॉलनी आबा म्हणायची, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. ते वायरमन होते. खांबावर चढायचे ते पायाखाली जिना असल्यागत. एकदा पोरांनी मारलेला चेंडू त्यांनी चालत्या सायकलवरून डाव्या हाताने झेलला आणि न थांबता तो पोरांकडे फेकून पुढे गेले. त्याच दिवशी आम्ही त्यांना गोलरक्षक करून नऊ गुण दिले. दहा कोणालाच नव्हते.

माझ्या वडिलांना तीन. ते कचेरीत कारकून होते. गुण द्यायच्या वेळी मैत्रीण म्हणाली, "काका रिक्षात चढतानासुद्धा दोनदा विचार करतात." बहिणी खो खो हसल्या. मीही हसले, आणि ते मनात धरून ठेवलं. मला हरायला आवडत नाही. माझ्या वडिलांना हसलेलं तर मुळीच आवडत नाही. आज पन्नाशी उलटली तरी या दोन्ही गोष्टींत फरक पडलेला नाही.

पुस्तिकेत एक नियम होता. अर्धा हंगाम झाला की प्रत्येक खेळाडू सध्या कसा खेळतोय ते पाहून त्याचे गुण बदलावेत. जो तीनच्या खाली जाईल त्याला यादीतून काढावं आणि त्याचं कार्ड खोक्यात परत ठेवावं, ते पुन्हा बाहेर काढू नये. लिहिणाऱ्याला म्हणायचं असणार की वहीतले गोल मोजा. आम्हाला ते तसं कळलं नाही. आमचे खेळाडू समोर हिंडत होते, तेव्हा आम्हाला वाटलं, त्यांनाच जाऊन पाहायचं. आम्ही वही घेऊन कॉलनीभर फिरलो. पीटीचे सर ओट्यावर तोंड उघडं टाकून घोरताना सापडले, त्यांचे आठाचे सहा झाले. शेजारच्या अक्का अनवाणी शेळीमागे धावल्या, त्यांना दोन वाढवून दिले. माझ्या वडिलांनी जिन्यात एक उंदीर मारला, निदान पळवला, म्हणून मी त्यांना पाच केलं. कोणी तोंड उघडलं नाही. अध्यक्ष कोण होतं?

राहिले आबा. त्यांना त्याच्या महिनाभर आधी लकवा मारला होता. सकाळी चहा पिताना बशी हातातून सुटली, आणि ती का सुटली हे त्यांना सांगता येईना. तीन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, उजवा पाय मागून ओढत यायचा आणि तोंड एका बाजूला उतरलं होतं. बोलणं हळूहळू परत आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज थोडं चालवा, घरातल्या घरात, भिंत धरून.

मी वहीत त्यांच्यापुढे एक लिहिला.

मैत्रीण म्हणाली, "ते बरे होतायत. डॉक्टर म्हणालेत."

"झाले की वाढवू," मी म्हणाले. "पण तोवर कार्ड राहणार नाही. एक म्हणजे तीनच्या खाली. नियम म्हणजे नियम."

तिने पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि तो नियम पुन्हा पुन्हा वाचला. मग ती रडवेली होऊन म्हणाली, आबांचं कार्ड खोक्यात जाऊ द्यायचं नाही, काहीही करायला सांग. आज मला कळतं की ती खेळाबद्दल बोलतच नव्हती. ते कार्ड बाहेर राहिलं तर आबा राहतील, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. खरं सांगायचं तर हे मला तेव्हाही कळलं होतं. माझ्या हातात तिची शेंडी आली होती आणि मला ती सोडवत नव्हती.

मी म्हणाले, "परीक्षा घेऊ. रविवारी. आबांनी तुमच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचं. कोणी धरायचं नाही, काठी नाही, कशाला हात लावायचा नाही. आले तर तीन."

टाकी त्यांच्या दारापासून पाच घरं पलीकडे होती.

रविवारी तिची आई बाजाराला गेली आणि अकराच्या सुमारास ती आबांना बाहेर घेऊन आली. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, भांग पाडला होता. म्हणजे तिने त्यांना सगळं सांगितलं होतं, कार्डाचंही, नऊचंही, तीनचंही. ती त्यांच्याशी घरातल्या बोलीत बोलायची. तिने त्यांना बजावलं, "आबा, टाकीपावत. भिंतले हात लावानं नही." आम्ही तिघी टाकीपाशी उभ्या होतो. वही माझ्याकडे.

ते निघाले. डावा पाय टाकायचे, थांबायचे, उजवा ओढायचे. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बाजूने कुंपणाची बुटकी भिंत सगळ्या घरांपुढून टाकीपर्यंत येत होती आणि ते तिच्या कडेने येत होते. मैत्रीण चार पावलं मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून, आपला हात चुकून पुढे जाऊ नये म्हणून. चौथ्या घरापुढे त्यांचा तोल गेला. त्यांनी डावा हात भिंतीवर टेकवला, क्षणभर, उडत्या माशीने टेकावं तेवढाच, आणि काढून घेतला. मग ते टाकीपर्यंत आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. ते हसत होते, अर्ध्या तोंडाने.

बहिणींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "हात लागला."

धाकटी बहीण हळूच म्हणाली, "जाऊ दे ना, एवढंसं तर."

"पुन्हा चालावं लागेल," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मैत्रीण भांडेल. वही फाडेल, मला दोन शिव्या घालेल, आणि मग मी उदार होऊन तीन देऊन टाकेन. माझी सगळी तयारी त्याचीच होती. पण ती काही बोलायच्या आत आबाच वळले. "पंच म्हणस ते बराबर," ते म्हणाले, आणि परत आपल्या दाराकडे निघाले. जाताना त्यांनी अंग वळवून डाव्या हाताने भिंत धरली, कारण जाणं परीक्षेत नव्हतं. मला थांबवता आलं असतं. पाच घरांचं अंतर होतं आणि ते मुंगीच्या पावलांनी जात होते, मला भरपूर वेळ मिळाला. मी सावलीत सरकून उभी राहिले.

दुसऱ्या वेळी ते त्याच चौथ्या घरापुढे पडले. उजव्या बाजूला, रस्त्यावर, आडवे. आवाज फार झाला नाही. मैत्रीण धावली, बहिणी धावल्या, घराघरांतून माणसं बाहेर आली, कोणीतरी रिक्षा आणायला पळालं. मी टाकीपाशीच होते. मी वही उघडली आणि एक होता तो तसाच ठेवून पुढे तारीख घातली. मग घरी जाऊन त्यांचं कार्ड खोक्यात ठेवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पडले कसे, हे मोठ्यांनी विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, मी फिरायला नेलं होतं. तिच्या आईने तिला सगळ्यांदेखत मारलं. ती माझं नाव घेईल म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. तिने ते कधीच घेतलं नाही.

आठवड्याने आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. मोसंबीची पिशवी माझ्या हातात दिली होती. आई आत स्वयंपाकघरात मैत्रिणीच्या आईशी बोलत बसली आणि मी बाहेरच्या खोलीत खाटेशी उभी राहिले. आबांचा पाय विटा बांधून ताणून ठेवला होता. मैत्रीण उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आबांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, मना आते किती शेत?"

आता किती आहेत, असं ते विचारत होते. मी काहीही सांगू शकले असते. नऊ म्हणाले असते तर माझ्या बापाचं काय जात होतं? पण मैत्रीण समोर होती, नियम मी केला होता, आणि त्या वयात मला माझा शब्द खाली पडू देणं म्हणजे मरण वाटायचं.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही आता यादीत नाही."

वारा घालणारा पुठ्ठा थांबला. आबांनी छताकडे बघितलं. मला वाटलं ते रागावतील, आईला हाक मारतील, आणि तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं. पण त्यांना फक्त बाजू मांडायची होती.

"दुसरी खेपले," ते म्हणाले, "मी भिंतले हात लाया नही. तू देख ना."

मी पाहिलं होतं. ते पडले तेव्हा भिंत त्यांच्या डाव्या हाताशी वीतभर अंतरावर होती, आणि तो हात चांगला होता.