पोटात वाढवलेलं भाचरू

"बोलून टाका की!" समोरचा माणूस जरा अडखळला, की तिचा हात असा हवेत उडायचा. माझ्या वकिलीत गप्प बसणारी माणसं पुष्कळ भेटली. कुणाला गप्प बसू न देणारी ही एकच.

मुरगूडजवळच्या खेड्यातली शेतकरीण. पदरात एक मुलगा. तिच्या नणंदेची गर्भपिशवी आजारपणात काढावी लागली होती. नणंदेचं आणि तिच्या नवऱ्याचं बाळ आपल्या पोटात वाढवायला ही तयार झाली. सरोगसीसाठी आता आधी कोर्टाचा आदेश लागतो, म्हणून सगळी कोल्हापुरात माझ्याकडे आली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"दबाव? घरात माझाच दबाव हाय की समद्यांवर!"

साहेबांनी हसू आवरलं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "साहेब, बाळात काय खोट निघाली तर?"

"आईवडिलांना बाळ नाकारता येत नाही. कायदाच आहे तसा."

"ते कायद्याचं झालं. ह्यांच्या तोंडनं ऐकू दे." ती नणंदेच्या नवऱ्याकडे वळली. "पावणं, बोलून टाका की!"

तो खाली मान घालून उभा राहिला. अखेर तो पुटपुटला, "कसंबी असलं तरी आमचंच."

पुढं पोट दिसू लागलं. गावातल्या बायका खोदून विचारायच्या. ही बिनधास्त सांगायची, "नणंदेचं हाय. म्हंजे मी मामी."

मुलगी झाली. एक पाऊल आत वळलेलं. मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा नणंदेची सासू दारातच म्हणत होती, "जिच्या पोटात वाढली, तिनंच ठेवून घ्यावी." नणंद रडत होती. डॉक्टर सांगत होते, प्लास्टरनं पाऊल सरळ होईल. सासू ऐकेना.

टाके ओले असताना ही कोपरावर उठली. आता भांडणार, असं मला वाटलं. पण ती नणंदेच्या नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. तो पुढं आला, बाळाला उचलून छातीशी धरलं. "आई, माझी लेक हाय ही," तो म्हणाला.

नंतर मी तिला विचारलं, "त्यांनी घेतली नसती तर?"

"मी घेतली असती की, मॅडम. पर आपण कुणाला तरी नको झालतो, हे तिला जन्मभर सलत राहिलं असतं."

नणंदेच्या घरी बारशाला बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देत होत्या. पायाला इवलंसं प्लास्टर. मग बाळ मामीच्या हाती आलं. तिनं बाळाचं कपाळ हुंगलं आणि त्याला नणंदेच्या ओंजळीत ठेवलं. तिच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग पसरत होता. कुणाला दिसायच्या आत तिनं पदर घट्ट ओढून घेतला.

"येतो मी. म्हशींच्या धारंची वेळ झाली," म्हणाली, आणि भरल्या घरातून एकटीच एसटी स्टँडकडे चालू लागली.